आय-सेव्हन आहे, पण कितव्या पिढीचा?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, मुलगा सातवीत. बचत गटाचे हिशेब ताई वहीत ठेवतात, ते आता संगणकावर घ्यायचे आहेत. सासऱ्यांना मोबाइलवर पेपर वाचायला त्रास होतो, त्यांनाही मोठा पडदा हवा. पंचवीस हजार रुपये बाजूला काढलेत. समोर तीन पर्याय आहेत. गावातल्या दुकानात सेकंडहँड लॅपटॉप आहे: आय७-४६००यू, १६ जीबी रॅम, विंडोज ११ टाकून, १५,५०० रुपयांना. ऑनलाइन सेलमध्ये नवा लॅपटॉप आहे: सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, १९,९९० रुपयांना. आणि भाच्याने सुचवलेला ग्राफिक्स कार्डवाला असेंबल्ड डेस्कटॉप, ४२,००० रुपयांचा, हप्त्यांवर. घरात २०१२ सालचा आय३ डेस्कटॉपही पडून आहे, तो सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. मिस्टर म्हणतात, जुनं घेऊन फसण्यापेक्षा नवंच घेऊ. मुलगी म्हणते लॅपटॉपच हवा, दोन वर्षांनी हॉस्टेलला नेता येईल. ताई विचारतात: सेकंडहँड घेणं धोक्याचं आहे का? आणि एकदाच असं काय घ्यावं, की दहा वर्षं पुन्हा बघायला नको?

ताई, मुलीने दुकानातून आय७-४६००यू हा पूर्ण नंबर टिपून आणला, हे फार चांगलं केलं. नुसतं ‘आय७ आहे, १६ जीबी आहे’ एवढंच कळलं असतं, तर मला सल्ला देता आला नसता. आणि नंबर बघितल्यावर माझं स्पष्ट मत असं की हा लॅपटॉप घेऊ नका. नवा सेलेरॉनवालाही घेऊ नका. तुमच्या मिस्टरांची फसवणुकीची भीती खरी आहे, पण या तीन पर्यायांमध्ये सगळ्यांत लवकर त्रास देईल तो नवा लॅपटॉपच.

आधी नंबर वाचायला शिकू, कारण दुकानात हीच एक गोष्ट तुमच्या हातात असते. आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपची, नावं; तो त्या त्या वर्षातला दर्जा झाला. वर्ष कळतं ते आडव्या रेघेनंतरच्या आकड्यांवरून. चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे पिढी, दुकानदार ज्याला जनरेशन म्हणतात ती. ४६०० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. ८२५० किंवा ८५०० म्हणजे आठवी, २०१७-१८ ची. पाच आकडे असतील तर पहिले दोन बघायचे. १०४०० म्हणजे दहावी, १२४०० म्हणजे बारावी. गोंधळ होतो तो एकाच ठिकाणी. लॅपटॉपमध्ये १०३५जी१, ११३५जी७, १२१५यू असे चारच आकडे असतात आणि सुरुवात १ ने होते. तिथेही पहिले दोन आकडेच धरा, म्हणजे ते दहाव्या, अकराव्या, बाराव्या पिढीचे. शेवटी ‘यू’ असेल तर तो वीज वाचवणारा लॅपटॉपचा प्रोसेसर. तुम्हाला दाखवलेला आय७ असाच, दोन कोरचा आहे, म्हणजे आत काम करणारे भाग दोनच. आठव्या पिढीतला आय५-८२५०यू चार कोरचा आहे. म्हणजे नाव आय७ असलं तरी तो आठव्या पिढीच्या आय५ च्या मागेच राहतो.

वेगाचं सोडून दिलं तरी आठव्या पिढीपाशी एक पक्की रेघ आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेली अट इंटेलच्या मोजक्या जुन्या प्रोसेसरांचा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासून पुढची आहे. इंटेलऐवजी एएमडी या दुसऱ्या कंपनीचा रायझन प्रोसेसर असेल तर ३००० मालिका किंवा पुढची घ्यायची, म्हणजे शंका राहत नाही. शिवाय मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मग चौथ्या पिढीवर दुकानदाराने विंडोज ११ कसं टाकलं? अट तपासणारा भाग वगळून ते टाकता येतं, आणि आज ते चालेलही. पण अशा मशीनला अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट त्यावर आपोआप येत नाही, पुन्हा कोणाकडून तरी टाकून घ्यावं लागतं. ज्या मशीनवर बचत गटाच्या बँकेचा पासवर्ड टाकायचा, तिथे हे चालवून घेऊ नका.

त्या लॅपटॉपचा आणखी एक तोटा मुलीला रोज जाणवेल. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ नावाच्या पद्धतीने पाठवतं. तो उलगडायची सोय इंटेलच्या चिपमध्ये पुरती आली ती सातव्या पिढीत. चौथ्या पिढीत ते जवळजवळ सगळं काम प्रोसेसरवर पडतं. लेक्चर सुरू केलं की पंखा जोरात, मशीन गरम, बॅटरी भराभर खाली.

आता नवा लॅपटॉप. एन४०२० हा दोन कोरचा, २०१९ सालचा प्रोसेसर आहे. खोका नवा असला तरी आतला माल जुना. पण खरी अडचण ६४ जीबीची. हे स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं, बोर्डावर कायमचं जोडलेलं असतं. त्यातले पंचवीस-तीस जीबी विंडोजच घेतं. त्यावर ब्राउझर, झूम, मुलीच्या पीडीएफ आणि घरातले फोटो आले की जागा संपते. मोठं अपडेट यायचं असलं की विंडोजला तात्पुरती मोकळी जागा लागते. ती नसली की अपडेट अर्ध्यावर अडतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं, पुन्हा अडतं. ४ जीबी रॅमही अशा मॉडेलांमध्ये बहुधा सोल्डर केलेली असते, म्हणजे वाढवता येत नाही. वीस हजार घालून वर्षभरात ‘हँग होतो’ म्हणून कपाटात जाणारी वस्तू हीच.

भाच्याच्या पर्यायाबद्दल थोडक्यात सांगते. ग्राफिक्स कार्ड लागतं ते गेम, थ्री-डी डिझाइन आणि जड व्हिडिओ एडिटिंगला. तुमच्या पत्रात यातलं एकही काम नाही, आणि त्यासाठी हप्ते बांधून घेण्याइतकं तर नाहीच.

तुम्ही दहा वर्षांची अपेक्षा लिहिली आहे, तिच्याबद्दलही बोलू. घरगुती संगणक दहा वर्षं टिकवायचा असेल तर त्याचे भाग बदलता आले पाहिजेत, आणि त्याच्या सॉफ्टवेअरला अपडेट मिळत राहिले पाहिजेत. पहिली गोष्ट डेस्कटॉपमध्ये मिळते, स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये मिळत नाही. दुसरी कोणीच दहा वर्षांसाठी लिहून देत नाही. म्हणून पाच वर्षं धरा. पाच वर्षं चारही माणसांचं काम नीट झालं तर पंचवीस हजार वसूल आहेत.

मुलीचं म्हणणं मी डावललेलं नाही. पण दोन वर्षांनी ती कुठल्या शाखेला जाईल हे आज ठरलेलं नाही. फार्मसीला वेगळा लॅपटॉप पुरतो, आर्किटेक्चरला वेगळा लागतो, काही कॉलेजांत संगणकाची लॅब एवढी चांगली असते की पहिल्या वर्षी घरचा लागतच नाही. आज घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी तोवर आणखी उतरलेली असेल. आणि तो ती घेऊन गेली की घरात सासरे, तुम्ही आणि नववीत गेलेला मुलगा पुन्हा मोबाइलवर. एका वस्तूकडून घरचं आणि हॉस्टेलचं अशी दोन कामं मागितली की बहुतेक वेळा दोन्ही अर्धवट होतात. आणखी एक बघा: एमएचटी-सीईटी संगणकावरच द्यायची असते. मोठ्या पडद्यावर, माउस हातात घेऊन सराव करायला घरातला डेस्कटॉप केंद्रावरच्या परिस्थितीला जास्त जवळचा आहे. तरीही टेबल मांडायला जागाच नसेल, किंवा वर्षभरात घर बदलायचं असेल, तर लॅपटॉप घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

माझी शिफारस अशी: कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, डेस्कटॉप घ्या, आणि मॉनिटर नवा. बँका, आयटी कंपन्या, कॉल सेंटर दर काही वर्षांनी शेकड्याने मशीन बदलतात आणि ती बाजारात येतात. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०. एचपी एलिटडेस्क ८०० जी४, प्रोडेस्क ६०० जी४. लेनोवो थिंकसेंटर एम७२० ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. आय५-८५०० असेल तर सहा कोर मिळतात. आय३-८१०० असेल तरी चार कोर आहेत, तुमच्या कामाला तेही पुरेत. ही मशीन दिवसभर चालण्यासाठी बनवलेली असतात, सुटे भाग मिळतात, आणि बारीक चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाची दुकानदारांना सवय असते. सांगली-कोल्हापुरात चौकशी करा. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड हे यासाठी ओळखीचे बाजार आहेत. पण शक्यतो त्याच दुकानातून घ्या जिथे बिघडल्यावर तुम्हाला परत जाता येईल. पुण्याला हजार रुपये वाचले आणि एकदा दुरुस्तीला एसटीने दोन खेपा झाल्या, तर हिशेब उलटा होतो.

रॅम किमान ८ जीबी आणि एसएसडी किमान २५६ जीबी, यात तडजोड नको. ‘आत्ता ४ घ्या, मग वाढवा’ हा सल्ला पूर्वी बरा होता. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, त्यामुळे आतच ८ किंवा १६ बसवलेली असेल ते मशीन बघा. ‘५०० जीबी हार्ड डिस्क’ हे आकर्षण म्हणून सांगतील, त्याला भुलू नका. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर एक हात इकडून तिकडे सरकत वाचतो, आणि प्रत्येक वेळी नेमक्या जागी पोचायला त्याला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणं. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वाचायच्या असतात. एसएसडीमध्ये सरकणारं काही नाही, तिथे हीच गोष्ट सेकंदाला हजारोंनी होते. तुमच्या घरातल्या जुन्या मशीनला लागणारी पाच मिनिटं बहुतेक या हाताच्या सरकण्यातच जातात.

आता दुकानातली तपासणी. अर्धा तास लागेल, तो मागून घ्या. द्यायला तयार नसतील तर दुसरं दुकान बघा. मुलीला बरोबर न्या.

मशीन आधीच चालू करून ठेवलेलं असेल तर बंद करायला सांगा आणि स्वतः चालू करा. चालू होताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोवोच्या थिंकसेंटरमध्ये एफ१ दाबत राहिलं की बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचं मशीनचं स्वतःचं सेटिंगचं पान, उघडतं. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन नको. जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असतो आणि तो काढणं कटकटीचं असतं. तारीख-वेळ चुकीची दिसली तर घाबरू नका. बोर्डावरचा सीआर२०३२ नावाचा बटणासारखा सेल संपलेला असतो, थोडक्या पैशांत दुकानदारच बदलून देतो.

विंडोज उघडलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर येईल. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम किती, किती स्लॉट भरलेत आणि डिस्क एसएसडी आहे की एचडीडी, हे सगळं एका जागी दिसतं. बाहेरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, तो कोणीही चिकटवू शकतो. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. स्पेसिफिकेशन व्हर्जनपुढे २.० दिसलं पाहिजे. तिथेच एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश डीएलआय असं टाइप केलं की विंडोजच्या परवान्याचा प्रकार कळतो. ओईएम (मशीनसोबत आलेला) किंवा रिटेल (सुटा विकत घेतलेला) असं आलं तर ठीक. ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ हे शब्द दिसले तर ते कंपन्यांसाठीचं ॲक्टिव्हेशन आहे, घरगुती मशीनवर ते बहुधा जुगाड करून बसवलेलं असतं आणि सोबत काय आलंय ते कळायला मार्ग नसतो.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. तो डिस्कची तब्येत टक्क्यांत आणि ती एकूण किती तास चालली आहे ते दाखवतो. ‘गुड’ आणि नव्वदच्या वर असेल तर निश्चिंत राहा. ‘कॉशन’ असं पिवळ्यात आलं तर डिस्क बदलून द्यायला सांगा, भाव कमी करून घेऊन तीच डिस्क स्वीकारू नका.

यापुढची पायरी बहुतेक लोक करत नाहीत, आणि नेमकी तिथेच अडकतात. दुकानदाराला समोरच ‘रीसेट धिस पीसी’ करून, सगळं पुसून, इंटरनेट जोडून विंडोज पहिल्यापासून सुरू करायला लावा. पहिल्या सेटिंगच्या वेळी एखाद्या कंपनीचं नाव आणि त्या कंपनीचा ईमेल मागणारं पान आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. ते आज कसंतरी वळसा घालून चालू केलं तरी पुढच्या फॉरमॅटला पुन्हा तेच पान येईल. मशीन परत करायचं. या कामाला वेळ लागतो, म्हणून आधी फोन करून ‘समोर रीसेट करून घेणार आहे’ असं सांगून ठेवलेलं बरं.

रीसेट झालं की यूट्यूबवर एक व्हिडिओ १०८० वर दहा मिनिटं चालवा. पंखा घरघरतोय का, मध्येच बंद पडतंय का, बघा. पुढचे-मागचे सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह घालून तपासा, कानातल्या हेडफोनची जागाही. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा वायफाय नसतं. तसं असेल तर यूएसबीचा वायफाय डोंगल लागेल. वेबकॅम, माइक आणि स्पीकरही वेगळे घ्यावे लागतात हे विसरू नका. मागची व्हिडिओची जागा बघून ठेवा. काही मशीनना फक्त डिस्प्लेपोर्ट असतो आणि स्वस्त मॉनिटरला फक्त एचडीएमआय व व्हीजीए. मग डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारी केबल लागते, आणि ती एकाच दिशेने चालते, उलटी जोडून उपयोग नाही. दुकानदाराकडून ती बिलातच धरून घ्या.

छोट्या खोक्याच्या मशीनचा एक दोष आधीच माहीत असू द्या. डेल-एचपीच्या बऱ्याच मशीनमधला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) त्यांच्या खास मापाचा आणि खास पिनांचा असतो, बाजारातला साधा त्यात बसत नाही. बिघडला तर तसाच मिळवावा लागतो. ‘याचा एसएमपीएस तुमच्याकडे असतो का, किती रुपयांना?’ हा प्रश्न घेण्याआधी विचारा. दुकानदाराच्या उत्तरावरून तो या मालात किती मुरलेला आहे तेही कळतं.

बिल पक्कं घ्या, जीएसटीचं. त्यावर मशीनचा सिरियल नंबर (डेलमध्ये सर्व्हिस टॅग म्हणतात), प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. ‘टेस्टिंग वॉरंटी’ हा शब्द ऐकू आला तर तिचा अर्थ तिथेच विचारा. बहुतेक ठिकाणी ती काही दिवसांचीच असते. सहा महिने ते एक वर्ष वॉरंटी देणारे दुकानदार मिळतात, त्यांच्याकडे पाचशे-हजार जास्त गेले तरी जाऊ द्या. मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यात येतात का, हे बिलावरच आलं पाहिजे, तोंडी नको.

पैशांचा अंदाज मांडून बघू. गाव आणि महिना बघून हजार-पाचशे इकडे तिकडे होतील. मशीन तेरा हजार. नवा २२ इंची फुल एचडी मॉनिटर साडेसहा ते सात हजार. कीबोर्ड-माउस सातशे. माइकसह वेबकॅम बाराशे. वायफाय डोंगल चारशे-पाचशे. ६०० व्हीएचा यूपीएस अडीच हजारांच्या आसपास. पंचवीस हजारांत बसतं, पण वर काही उरत नाही. भाव चढा निघाला तर वेबकॅम पुढच्या महिन्यावर टाका, तोवर ऑनलाइन क्लासला मोबाइल चालेल. मॉनिटर मात्र सेकंडहँड घेऊ नका. जुन्या मॉनिटरचा उजेड उतरलेला असतो आणि सासऱ्यांच्या डोळ्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. बहुतेक नामांकित कंपन्या नव्या मॉनिटरला तीन वर्षांची वॉरंटीही देतात.

यूपीएसबद्दल दोन शब्द. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्यावरचा मोड बघा. पुष्कळ इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं. त्या मोडवर लाइट गेल्यावरची अदलाबदल इतकी झटपट होते की संगणक बंद पडत नाही. तसं जमलं तर वेगळ्या यूपीएसचे अडीच हजार वाचले. यूपीएस घेतलाच तर आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. नवी असताना एवढ्या मशीनला वीस-पंचवीस मिनिटं मिळावीत, आणि दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागते. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका, तापताना तो एकदम मोठा भार ओढतो. आणि ज्या सॉकेटला संगणक लावणार त्याला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून एकदा बघून घ्या. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती दिसायला असते.

सॉफ्टवेअरवर पैसे घालायची गरज नाही. दुकानदार ‘ऑफिस फुकट टाकून देतो’ म्हणेल, त्याला नको म्हणा. असं ऑफिस चालू करायला जे क्रॅक वापरतात त्यातूनच व्हायरस येतात. लिबरऑफिस हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि गटाचा जमा-खर्च, कर्जवाटप, व्याज हे सगळं त्याच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, होतं. अँटिव्हायरस विकतचा लागत नाही, विंडोजचा स्वतःचा पुरेसा आहे. मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर मराठी जोडा आणि मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडा. विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. चौघांची चार खाती करा, त्यात ॲडमिनचं खातं फक्त तुमचं. मुलाने गेम समजून काही डाउनलोड केलं तर ते बसवायला तुमचा पासवर्ड मागेल. गटाच्या हिशेबाची एक प्रत गूगल ड्राइव्हवर (१५ जीबी फुकट मिळतात) आणि एक पेन ड्राइव्हवर, दर महिन्याच्या बैठकीनंतर.

टेबलाला जागाच नाही असं ठरलं, तर लॅपटॉपसाठीही हाच नियम: आठवी पिढी, ऑफिसचा माल. लेनोवो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ अशी नावं बघा. तिथे बॅटरीची तपासणी वाढते. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी मागा किंवा तिचे पैसे भावातून कमी करून घ्या. बिजागरी सैल नको, नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबून बघायची, आणि चार्जर त्याच कंपनीचा, योग्य वॅटचा असावा. नवाच लॅपटॉप घ्यायचा ठरला तर आणखी काही महिने पैसे साठवून तीस हजारांच्या पुढचा, आय३-१२१५यू किंवा रायझन ३ ७३२०यू असलेला, ८ जीबी रॅम आणि २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडीचा बघा. ७३२०यू मध्ये रॅम सोल्डर केलेलीच असते, म्हणून ८ पेक्षा कमी असेल तर तो घेऊच नका.

राहिला घरातला २०१२ चा डेस्कटॉप. तो भंगारात देऊ नका, निदान लगेच नको. तो नव्या विंडोजच्या अटींत बसत नाही, पण २५६ जीबीची साधी साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं तर पेपर वाचायला, कीर्तन-भजनं लावायला, मुलाला टायपिंग शिकायला तो पुष्कळ पुरेल. लिनक्स मिंट मोफत आहे आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खर्च एसएसडीपुरता. खरं तर सुरुवात इथूनच करा. मोठी खरेदी करण्याआधी महिनाभर या मशीनवर सगळ्यांनी बसून बघा, म्हणजे कोणाला किती वेळ लागतो, एक मशीन पुरतं की नाही, टेबल कुठे बसतं, हे आपोआप कळेल. दोन गोष्टी मात्र आधी बघा. त्यातल्या हार्ड डिस्कवर घरातले फोटो असतील तर ते पहिल्यांदा दुसरीकडे उतरवून घ्या, कारण मिंट बसवताना चुकीची डिस्क निवडली की ते पुसले जातात. बसवण्यापुरती जुनी डिस्क काढूनच ठेवलेली सगळ्यांत चांगली. आणि घरात कॅननचा एलबीपी२९०० प्रिंटर असेल तर तो लिनक्सवर फार छळतो, त्याची छपाई नव्या विंडोजच्या मशीनवरूनच करा.